पोर्ट ब्लेअरहून सकाळी निघून संध्याकाळी परत: आधी वार, मग ठिकाण

अंदमानच्या ठरावीक सहलीत पोर्ट ब्लेअरच्या वाट्याला फार थोडं येतं. उतरायचं, सेल्युलर जेल पाहायचा, ध्वनिप्रकाश कार्यक्रमाला बसायचं आणि दुसऱ्या सकाळी हॅवलॉकची (आता स्वराजद्वीप) बोट पकडायची. आमच्यात सत्तरी ओलांडलेली माणसं होती आणि रोज बॅगा भरून बोटी बदलणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं. म्हणून मुक्काम एकाच ठिकाणी, पोर्ट ब्लेअरच्या अबर्डीन बाजाराजवळ ठेवला आणि रोज सकाळी बाहेर पडून रात्रीच्या जेवणाला परत आलो. तसं करायचं ठरवल्यावर मराठीत नेमकी माहिती शोधायला गेलं तर ठिकाणांची नावं भरपूर मिळतात, पण कुठला कागद कुठे लागतो आणि कुठलं ठिकाण कधी बंद असतं हे कुणी सांगत नाही. ते जसं घडलं तसं इथे लिहिते आहे.

शहराचं अधिकृत नाव सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम झालं आहे. सरकारी अर्जांवर नवं नाव दिसतं, रिक्षावाले आणि दुकानदार पोर्ट ब्लेअरच म्हणतात. रॉस बेटाचं नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, माउंट हॅरिएटचं माउंट मणिपूर. ऑनलाइन शोधताना दोन्ही नावं टाकून पाहा, नाहीतर अर्धी माहिती हाती लागत नाही.

सगळ्यात आधी एक कोरा कागद घेऊन त्यावर वार लिहिले. पोर्ट ब्लेअरच्या सहली वारांवर चालतात. वांडूरहून जॉली बॉय बेटाला जाणाऱ्या बोटी सोमवारी बंद. चिडियाटापूचं प्राणिउद्यान आणि शहरातलं समुद्रिका संग्रहालयही सोमवारी बंद. बाराटांग बेटाच्या चुनखडी गुहांनाही सोमवार टाळा असंच आम्हाला सांगण्यात आलं. रॉस बेट बुधवारी बंद. चॅथमची लाकूड गिरणी रविवारी बंद. हे एकदा मांडलं की बाकीचं आपोआप बसतं: आम्ही शुक्रवारी ७ फेब्रुवारीला उतरलो, शनिवार जेलला, रविवार जॉली बॉयला, सोमवार रॉसला, मंगळवार बाराटांगला, बुधवार चॅथम आणि माउंट हॅरिएटला, गुरुवार चिडियाटापूला. हॉटेल आणि विमान ठरवण्याआधी हा कागद करा. नंतर केला तर सोमवार आणि बुधवार नक्की फुकट जातात. हे वार अधूनमधून बदलतात, तेव्हा उतरल्या दिवशी पर्यटन कार्यालयात एकदा विचारून घ्या.

दुसरी गोष्ट घड्याळाची. अंदमान कोकणापेक्षा जवळजवळ वीस रेखांश पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे रत्नागिरीच्या मानाने सूर्य तिथे सव्वा तास आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. फेब्रुवारीत पावणेसहाला उजाडतं आणि साडेपाचच्या सुमारास सूर्य बुडतो. साडेसहाला मिट्ट काळोख. दिवसाचा कार्यक्रम पुण्या-मुंबईच्या सवयीने नऊला सुरू केला तर हातात फार थोडा उजेड उरतो. सहाला बाहेर, चारपर्यंत परतीच्या वाटेवर, हा हिशेब सगळ्या सहलींना लागू पडतो.

शुक्रवारी दुपार कागदांत गेली. भारतीय नागरिकांना अंदमानात यायला परवाना लागत नाही, पण आत फिरताना मूळ ओळखपत्र जागोजागी दाखवावं लागतं. प्रत्येकाच्या आधार कार्डाच्या पाच-सहा झेरॉक्स घरूनच करून न्या आणि मूळ कार्ड रोज जवळ ठेवा. लहान मुलांचंही. फोनमधला फोटो बोटीच्या खिडकीवर चालून जातो, जंगलाच्या तपासणी नाक्यावर तो चालेल या भरवशावर राहू नका. एका कागदावर सगळ्यांची नावं (ओळखपत्रावर आहेत तशीच), वयं, ओळखपत्रांचे क्रमांक आणि हॉटेलचा पत्ता असा तक्ता लिहून ठेवला होता. प्रत्येक अर्ज याच क्रमाने माहिती मागतो, त्यामुळे खिडकीपाशी उभं राहून चष्मा शोधत बसावं लागलं नाही.

त्या दिवशीचं मुख्य काम म्हणजे जॉली बॉयची परवानगी. इथे नवख्यांचा हमखास गोंधळ होतो, कारण परवानगी वेगळी आणि बोटीचं तिकीट वेगळं. बेट महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात येतं, म्हणून वन विभागाचा प्रवेश परवाना आधी शहरात काढावा लागतो. बोटीचं तिकीट दाखवून वांडूरच्या फाटकातून आत जाता येत नाही. एक जण सगळ्यांच्या वतीने अर्ज भरू शकतो, सगळ्यांनी रांगेत उभं राहायची गरज नसते. आम्हाला अर्ज, पैसे आणि शिक्का मिळून सुमारे दीड तास लागला. त्यात बराच वेळ आमच्या पुढच्या माणसांकडे झेरॉक्स नव्हत्या म्हणून गेला. परवान्याचं शुल्क किरकोळ आहे, बोटीला माणशी हजाराच्या आसपास धरून चाला. शनिवार-रविवारी कार्यालयं बंद असू शकतात. रविवारी जायचं असेल तर परवाना शुक्रवारीच हातात हवा.

शनिवारी सकाळी दार उघडता उघडता सेल्युलर जेल. मराठी माणसाला या जागेबद्दल वाचून बरंच माहीत असतं. तरी उभं राहिल्यावर जे कळतं ते बांधणीतून कळतं. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या मधल्या मनोऱ्यापासून सात तिमजली इमारती चाकाच्या आऱ्यांसारख्या निघत होत्या. आता तीनच उरल्या आहेत. प्रत्येक इमारतीत कोठड्यांची एकच रांग, आणि एकीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे. म्हणजे गजातून बाहेर पाहिलं तरी समोर भिंतच दिसणार, दुसऱ्या कैद्याचा चेहरा नाही. कोठडी साधारण साडेतेरा फूट लांब, साडेसात फूट रुंद, आणि उजेडाचा झरोका माणसाच्या हाताबाहेर उंच. विनायकराव सावरकर ४ जुलै १९११ ला इथे आले. त्यांचे थोरले बंधू बाबाराव याच तुरुंगात होते, आणि तरी दोघांची भेट होणं किती अवघड असेल ते या रचनेकडे पाहून समजतं. तात्यारावांची (विनायकरावांची) कोठडी वरच्या मजल्यावर अगदी टोकाला आहे. जिने उंच आहेत, गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी आधी वर जाऊन यावं आणि खालचं प्रदर्शन, फाशीघर, कोलू (तेलाचा घाणा) नंतर पाहावं. कोलूला जुंपलेल्या कैद्याला दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल तेल काढावं लागे. त्या लोखंडी दांड्याजवळ थोडं थांबा. मनोऱ्यात संगमरवरी पाट्यांवर प्रांतवार नावं कोरली आहेत. बंगालच्या पाट्या किती भरलेल्या आहेत तेही पाहा, कारण आपल्याकडे या तुरुंगाची आठवण एकाच नावाशी थांबते.

दुपारी जेवणाच्या वेळी जेल मध्येच बंद होतो. साडेअकराला पोचलात तर अर्धवट पाहून बाहेर पडावं लागेल. संध्याकाळच्या ध्वनिप्रकाश कार्यक्रमाची तिकिटं लवकर संपतात आणि हिंदी-इंग्रजी खेळांचे वार वेगळे असतात, म्हणून ती आधीच काढली होती. उघड्यावर बसायचं असतं. डासांचं मलम लावून जा.

त्याच दुपारी मानववंशशास्त्र संग्रहालय पाहिलं. ते मुद्दाम बाराटांगच्या आधी ठेवलं होतं. ग्रेट अंदमानी, ओंगे, जारवा, सेंटिनेली, आणि निकोबारकडचे निकोबारी, शोंपेन या आदिवासी जमातींबद्दल तिथे शांतपणे वाचता येतं. ज्यांच्या जंगलातून मंगळवारी रस्ता जाणार होता ते लोक कोण आहेत हे माहीत करून घेऊन जाणं मला आवश्यक वाटतं. बंद असण्याचा वार दारावरच्या फलकावर पाहून ठेवा.

रविवारी वांडूर. शहरापासून तीस किलोमीटरच्या आत. मोहनपुऱ्याच्या बसस्थानकावरून सरकारी बस जाते, माणशी पन्नास रुपयेही लागत नाहीत, पण आठपर्यंत धक्क्यावर पोचायचं तर पहिल्या बसची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवावी लागते. आम्ही गाडी केली. वाटेत सिप्पीघाटपाशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खारं पाणी साचलेलं दिसतं, त्यात वाळलेल्या झाडांचे बुंधे. ही पूर्वी शेती होती. २६ डिसेंबर २००४ च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली आणि भरतीचं पाणी शेतांत शिरलं ते तिथेच राहिलं. त्सुनामी म्हटलं की आपल्याला लाट आठवते. इथे लाट ओसरली आणि समुद्र उरला.

वांडूरला प्लास्टिकची तपासणी कडक असते आणि ती तशीच राहो. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, पिशव्या, सगळं काढून ठेवावं लागतं. पाण्याची बाटली न्यायचीच असेल तर अनामत भरून ती परत आणून दाखवायची. स्टीलच्या बाटल्या आणि स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी नेली होती, त्यामुळे तपासणी दोन मिनिटांत झाली. औषधांच्या पट्ट्या एका कापडी पिशवीत वेगळ्या ठेवा आणि आधीच सांगा. बेटावर खायला काही मिळत नाही.

बोट कांदळवनाच्या खाडीतून बाहेर पडते आणि बेटांच्या मधून तासाभरात जॉली बॉयला येते. बेटाला धक्का नाही. मोठी बोट लांब थांबते आणि काचेच्या तळाच्या छोट्या बोटीतून किनाऱ्यावर सोडतात. एका बोटीतून दुसऱ्या बोटीत जाताना मधे अंतर वरखाली होत असतं. वयस्क माणसांनी दोन्ही हात मोकळे ठेवावेत, पिशवी पाठीला लावावी आणि खलाशी हात देईपर्यंत पाऊल टाकू नये. उतरताना घोटाभर ते गुडघाभर पाणी असतं. साडी, लांब पँट इथे अडचणीची.

काचेच्या बोटीची छोटी फेरी तिकिटातच असते, लांब फेरीला वेगळे पैसे. छोटीत डोळे सरावतात तोवर ती संपते, म्हणून ज्यांना पोहायला उतरायचं नाही त्यांनी लांब फेरी घ्यावी. पाण्याखालचं पाहणाऱ्यांनी एक समजून जावं: सगळं प्रवाळ रंगीत नसतं. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, २०१० मध्ये अंदमानात मोठ्या प्रमाणावर तसं झालं, आणि मेलेल्या भागावर करडं शेवाळ चढलेलं दिसतं. मधूनच जिवंत झुडूप, त्यात निळे-पिवळे मासे, वाळूत समुद्रकाकडी या प्राण्याचे काळे गोळे. पाय टेकायला वाळूचीच जागा शोधा. प्रवाळावर एकदा उभं राहिलं की वर्षानुवर्षांची वाढ मोडते, शिवाय तळपाय कापतो आणि ती जखम चिघळते. अंगाला उन्हाचं मलम फासून पाण्यात उतरण्याऐवजी पूर्ण बाह्यांचा अंगरखा घाला. वांडूरच्या किनाऱ्यावर मगरींचे सूचनाफलक आहेत, ते खरे समजा. परत आल्यावर तिथे पाण्यात जाऊ नका.

(जॉली बॉय साधारण नोव्हेंबर ते मे. पावसाळ्यात त्याऐवजी रेड स्किन बेट उघडं असतं. परवाना कुठल्या बेटाचा आहे ते वाचून घ्या.)

सोमवार रॉस बेटासाठी उत्तम, कारण बाकीचं बंद असताना हे उघडं असतं. अबर्डीन धक्क्यावरून बोट, जेमतेम पंधरा-वीस मिनिटं, जाऊन-येऊन माणशी चार-पाचशे. खिडकीवर नावं-वयं लिहून द्यावी लागतात. बोटवाले रॉस आणि नॉर्थ बे (प्रवाळ पाहण्याचा दुसरा किनारा) असं जोड तिकीट पुढे करतात. जॉली बॉय पाहून झालं असेल तर नॉर्थ बे सोडा. जोड तिकिटात रॉसला तास-दीड तासच मिळतो आणि तो पुरत नाही.

हे बेट १९४१ पर्यंत इंग्रजांच्या अंदमानचं मुख्यालय होतं. जूनमध्ये मोठा भूकंप झाला, पुढच्या वर्षी जपानी आले आणि बेटाची रया गेली. आता चर्च, बेकरी, मुख्य आयुक्तांचा बंगला यांच्या भिंती उंबर-पिंपळाच्या जातीच्या झाडांनी मुळांत घट्ट धरल्या आहेत. झाड कापलं तर भिंत पडेल अशी अवस्था. चितळं माणसाळलेली फिरतात. ती इथली नव्हेत, इंग्रजांनी आणून सोडली आणि त्यांनी कोवळी रोपं खाल्ल्यामुळे अंदमानच्या जंगलांचं नुकसान झालं. त्यांना खायला घालू नका. चढ सौम्य आहे, विजेवर चालणाऱ्या गाड्याही मिळतात. पलीकडच्या टोकाला पायऱ्या उतरून समुद्रापर्यंत जाता येतं. तिथवर फार लोक येत नाहीत. परतीची बोट कुठली ते उतरतानाच खलाशाकडून समजून घ्या, बोटीचं नाव लक्षात ठेवा, कारण धक्क्यावर सगळ्या सारख्याच दिसतात.

मंगळवारी बाराटांग, आणि याच दिवसाची सगळ्यांना धास्ती होती. अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास, पण मधला जवळपास निम्मा रस्ता जारवांच्या राखीव जंगलातून जातो आणि तिथे एकट्या गाडीला जाता येत नाही. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्या जमतात आणि ठरलेल्या वेळी पोलिसांच्या गाड्यांबरोबर ताफ्याने सोडल्या जातात. पहिला ताफा सकाळी सहाचा, पुढचे साधारण तीन-तीन तासांनी. वेळा बदलतात, चालकाकडून आदल्या संध्याकाळी पक्क्या करा. गाडीला सहा ते आठ हजारांच्या घरात भाडं, ठरवताना फेरीबोटीचं आणि नाक्याचं शुल्क त्यात धरलं आहे का ते विचारा. आमच्या बोलण्यात ते सुटलं होतं असं नाही, पण शेजारच्या गाडीतल्या मंडळींची यावरून जेटीवर वादावादी चालली होती.

रात्री तीनला निघालो. सव्वाचारला नाक्यावर पोचलो तेव्हा पुढे वीसेक गाड्या होत्या. लवकर का यायचं, तर ताफ्यात गाडी जितकी पुढे तितका पलीकडच्या फेरीबोटीवर आणि बोटींच्या रांगेत नंबर पुढे. तिथल्या अर्ध्या तासाचा फरक गुहेपाशी दीड तासाचा होतो. चालक गाडीचा क्रमांक आणि प्रवाशांचा तक्ता देऊन अर्ज भरतो, ओळखपत्रं जोडतो. घरून केलेला तक्ता इथे सर्वांत उपयोगी पडला. मग दीड तास वाट पाहणं. चहा, इडली-वडा, पुरी-भाजी मिळते. स्वच्छतागृह इथेच उरकून घ्या, पुढे दीड तास गाडी थांबत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी गोळी इथे घ्यावी, रस्ता वळणावळणाचा आहे.

आत गेल्यावर नियम असे: ताशी ४० किलोमीटरच्या आत वेग, ओव्हरटेक नाही, थांबायचं नाही, काचा खाली करायच्या नाहीत, फोटो किंवा व्हिडिओ नाही, कुणालाही काही द्यायचं नाही. आदिम जमातींच्या संरक्षणाचा १९५६ चा कायदा आहे आणि तो मोडला तर तुरुंगवासाची तरतूद आहे. कॅमेरे आणि फोन पिशवीत घालून पिशवी डिकीत ठेवली. हातात फोन नसला की हात शिवशिवत नाहीत.

या रस्त्याबद्दल मला स्पष्ट लिहायचं आहे. जारवा १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बाहेरच्यांपासून दूर राहात होते. ते जंगलाबाहेर येऊ लागल्यावर १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. २०११ च्या जनगणनेत त्यांची संख्या चारशेच्या आतच होती. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच हा रस्ता बंद करायला सांगितलं होतं, तरी तो चालू आहे, कारण उत्तरेकडच्या गावांचा दवाखाना, बाजार, शाळा यावर अवलंबून आहे. २०१२ मध्ये पर्यटकांसमोर जारवा मुलींना नाचायला लावल्याची चित्रफीत जगभर गेली. एवढं सगळं झाल्यावरही ‘दिसतात का हो?’ हा प्रश्न नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर ऐकू येतो. ज्याला माणसं बघायला जायचं आहे त्याने जाऊ नये. आमच्यातही जावं की न जावं यावर आदल्या रात्री बोलणं झालं, आणि एकाने हॉटेलवर थांबायचं ठरवलं. तो निर्णय मला आमच्या जाण्याइतकाच योग्य वाटतो. समुद्रमार्गाने बाराटांगला जाऊन दिवसात परतता येईल अशी बोट आम्हाला त्या आठवड्यात मिळाली नाही. मिळत असेल तर आधी ती पाहा.

जंगल मात्र डोळे भरून पाहावं असं आहे. गर्जन वृक्षांची सरळसोट खोडं, त्यांवर चढलेले वेत, आणि इतकी दाट सावली की उजाडूनही दिवे लावून गाड्या जातात. साडेसातच्या पुढे मिडल स्ट्रेटच्या धक्क्याला पोचलो. गाडी तिथेच ठेवून माणसांनी फेरीबोटीने पलीकडे निलांबूर जेटीला जायचं. ही फेरी बसगाड्याही वाहून नेते, आधी वाहनं आणि मग माणसं चढतात. घाई करून मधे घुसू नका.

निलांबूरला वन खात्याचा अर्ज पुन्हा भरायचा, तोच तक्ता. मग आठ-दहा जणांच्या फायबर बोटी, माणशी हजाराच्या आत. जीवनरक्षक जाकीट पट्टे आवळूनच घाला. अर्ध्या तासाच्या आत बोट मोठी खाडी ओलांडून नयाडेराच्या अरुंद फाट्यात शिरते. दोन्ही बाजूंची खारफुटी डोक्यावर मिळते, मुळं पाण्यात कमानींसारखी उतरलेली, बोट इंजिन मंद करून सरकते. हा भाग गुहेइतकाच मोलाचा आहे. माघी पौर्णिमा दुसऱ्या दिवशी होती, सकाळी भरतीचं पाणी होतं, बोट सरळ धक्क्याला लागली. ओहोटीला या फाट्यात पाणी उथळ होतं आणि मग उशीर होतो. सकाळचा पहिला ताफा गाठण्याचं हेही एक कारण.

धक्क्यापासून गुहेपर्यंत दीड किलोमीटरच्या आत चालणं. फळ्यांचा पूल, मग शेतं, झोपड्या, शेवटी जंगल. वाट सपाट आहे, फक्त शेवटचा टप्पा दगडांचा. आमच्यातल्या वयस्कांना चाळीस मिनिटं लागली. पट्टा असलेल्या चपला किंवा बूट हवेत, साध्या स्लिपर घसरतात. ऊन चढलं की हवेत वाफ धरते, माणशी लिटरभर पाणी न्या. वाटेवर गावातल्या बायका लिंबू सरबत विकतात, ते घ्यायला हरकत नाही.

गुहेच्या तोंडाशी उजेड असतो, आत वीस-पंचवीस पावलांवर टॉर्च लागतो. बोटवालाच वाटाड्या होतो आणि छताकडच्या लोलकांत गणपती, कमळ, हत्ती दाखवू लागतो. ते ऐकून घ्या आणि मग थोडं मागे राहून नुसतं पाहा. पावसाचं पाणी चुनखडीतून झिरपताना विरघळलेला चुना घेऊन येतं आणि थेंब लोंबकळला की त्यातला कणभर मागे ठेवतं. पांढरे, ओलसर लोलक म्हणजे वाढते आहेत. जिथे माणसांचे हात लागले तिथे ते काळे, तुळतुळीत झाले आहेत, कारण हाताच्या तेलकटपणाने चुना पुढे धरत नाही. आत हात खिशात ठेवा. अर्ध्या तासात गुहा पाहून होते. बोटवाला सगळ्या मिळून साधारण दीड तास देतो, चालणं हळू असेल तर उतरतानाच त्याला सांगून ठेवा, तो समजून घेतो.

परतीचा साडेबाराच्या सुमाराचा ताफा धरायचा की दुपारी उशिराचा, हा निर्णय निलांबूरला करावा लागतो. आम्ही उशिराचा घेतला, चिखलाचा ज्वालामुखी पाहिला आणि धक्क्याजवळच्या खानावळीत मासळी-भात खाल्ला. ज्वालामुखी म्हणजे टेकाडावर करड्या, थंड चिखलाची खळी आणि मिनिटाला एखाद-दुसरा बुडबुडा. भूगर्भात कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा वायू चिखल वर ढकलतो. दमलेल्यांनी तो सोडला तर काही बिघडत नाही. आम्ही साडेसहानंतर अंधारात परतलो. रात्री तीनपासून जागे असलेल्यांना साडेबाराचा ताफा जास्त मानवेल.

बुधवारी सगळे उशिरा उठले, आणि तसाच दिवस ठेवला होता. पुलावरून चॅथम बेटावर रिक्षा जाते. तिथली लाकूड गिरणी १८८३ ची. आत पडौकच्या लालसर फळ्या, आरे, रूळ, आणि मार्च १९४२ मधल्या जपानी बॉम्बचा खड्डा जपून ठेवला आहे. चॅथमच्या धक्क्यावरून बांबू फ्लॅटला फेरी जाते, दहा-वीस रुपयांत. नोकरदार, शाळकरी मुलं, दुचाक्या, कोंबड्या सगळं एकत्र. रस्त्याने गेलं तर पन्नासेक किलोमीटरचा वळसा पडतो, फेरीने पंधरा-वीस मिनिटं. पलीकडे माउंट हॅरिएटला जायची जीप ठरवताना वर थांबण्याचे दोन-तीन तास धरून भाव बोला. फक्त ‘वर सोडा’ म्हणालात तर परत यायला गाडी नसते.

माउंट हॅरिएटच्या फाटकावर नावं लिहून प्रवेश शुल्क. जुनी लाल वीस रुपयांची नोट सापडली तर न्या: तिच्या मागचं नारळी आणि दीपगृहाचं चित्र इथूनच दिसणाऱ्या नॉर्थ बेचं आहे. वरून काळापत्थरकडे दोनेक किलोमीटरची पायवाट जाते, आणि सबंध मुक्कामात जंगलात पायी चालायला इतकी चांगली वाट दुसरी नव्हती. अंदमानी काळा सुतार पक्षी मोठा असतो, पण आधी त्याचा ठोकाच ऐकू येतो. पावसानंतर जळवा असतात, मोजे पँटवर ओढा. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो ८ फेब्रुवारी १८७२ ला हीच टेकडी पाहून खाली होपटाउनच्या धक्क्यावर उतरला आणि कैदी शेर अली आफ्रिदीने त्याला भोसकलं. शेर अलीला व्हायपर बेटावर फाशी झाली. शेवटच्या फेरीची वेळ जाताना पाहून ठेवा.

गुरुवारी चिडियाटापू, शहराच्या दक्षिणेला पंचवीस किलोमीटर. प्राणिउद्यान पाहून दुपारी मुंडा पहाडची पायवाट धरली, दीड किलोमीटर, चढ-उतार बेताचा, शेवटी कड्यावरून खुला समुद्र. उतार मुळांनी भरलेला आहे, म्हणून चारला परत फिरलो आणि सूर्यास्त खाली किनाऱ्यावरून पाहिला. वरून पाहायचा मोह झाला तर परतताना जंगलात अंधार गाठतो. बस संध्याकाळी लवकर संपतात, रिक्षा किंवा गाडी थांबवूनच ठेवा.

निघताना एक शेवटची तपासणी असते आणि ती बऱ्याच जणांना माहीत नसते. विमानतळावर सामानात शिंपले, शंख किंवा प्रवाळाचा तुकडा सापडला तर काढून घेतात, प्रवाळाच्या बाबतीत गुन्हाही होऊ शकतो. मुलांच्या खिशातले आणि बुटांतले शिंपले आदल्या रात्री किनाऱ्यावर सोडा. शोभेच्या शिंपल्याच्या किंवा पडौकच्या वस्तू घेतल्या असतील तर दुकानाची पावती हातसामानात, वर ठेवा.